एक बदाम कमी

धर्माजींच्या हातात दोन बदाम होते आणि टेबलावरच्या चार उघड्या पानांत आणखी दोन. शेवटचं पान तेवढं उघडायचं राहिलं होतं. ते बदाम निघालं की पाच बदाम जुळून समोरच्या दोघांची धूळधाण! नाही निघालं, तर आपलं गप घरी जायचं.

नारायणगावच्या मंगल कार्यालयात तरुण मंडळाने पोकरची स्पर्धा भरवली होती. पैशाचा खेळ नव्हता, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या. बक्षिसं मात्र दुकानदारांनी घसघशीत दिली होती. आता तिघंच उरले होते. पहिल्याला दोघांची दुबईची सहल, दुसऱ्याला स्कुटी, तिसऱ्याला मिक्सर. दुबईकडे धर्माजी ढुंकूनही बघत नव्हते. सगळा जीव त्या स्कुटीत. सून तेजस्विनी इथल्याच एका दवाखान्यात नर्स. सोमवारपासून तिला संध्याकाळची पाळी, आणि त्यांच्या गावची, महाळुंगे पडवळची शेवटची जीप पाळी संपायच्या आधीच सुटते. गाडी नाही तर नोकरी सोड, असा सरळ हिशेब. पोरीने लायसन काढलं त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं.

टोमॅटोचा व्यापारी ऋषी याने आपल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चकत्या पुढे ढकलल्या. लोणी गावच्या दादाभाऊंनी पापणीही न लववता तेवढ्याच ठेवल्या. त्यांच्याकडे मागे आणखी ढीग होता. सगळ्यात कमी चकत्या धर्माजींच्या, आणि आता बोलायचं त्यांनीच.

"घाला की आबा! चार बदाम जमल्यात ते तोंडावरच दिसतंय तुमच्या," ऋषी हसला. "असं पान घिऊन कोन पळतं का राव?"

मागून कोणीतरी शिट्टी मारली. बघ्यांचं काय जातंय!

धर्माजींनी हातातली दोन पानं पुन्हा एकदा उचलून पाहिली. येईल, बदामच येईल, मन सारखं म्हणत होतं. हे 'येईल' त्यांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. हा खेळ त्यांना मोबाईलवर शिकवला तो तेजस्विनीनेच. ती आता तिथे भिंतीपाशी पदराचं टोक दातात धरून उभी होती. खूण नाही, काही नाही.

"पॅक," म्हणून धर्माजींनी डाव सोडला आणि पानं पालथी टाकली.

शेवटचं पान उघडलं. बदामाची सत्ती!

"अरारारा!" अख्खं कार्यालय हळहळलं. "हातातली दुबई घालवली की वो आबांनी!"

पण दादाभाऊंच्या तीन बादशांपुढे ऋषीच्या दोन जोड्या आडव्या झाल्या. खुर्ची मागे सारून तो मिक्सरच्या टेबलाकडे निघाला, तेव्हा कुठे धर्माजींच्या डोक्यात उजेड पडला. ऋषी गेला. म्हणजे आपण दुसरे. म्हणजे स्कुटी आपली! ते एकटेच खुदखुदून हसायला लागले. पुढच्या डावात तर त्यांनी पानं न बघताच सगळ्या चकत्या दादाभाऊंपुढे लोटल्या.

"जावा तुमी दुबईला. माज्या टोमॅटोला पाणी कोन देनार?"

बाहेर स्कुटीला हार घातला होता. चावी हातात घेऊन तेजस्विनी क्षणभर घुटमळली.

"आबा, खरं सांगा. बदाम निघाला तवा वाईट न्हाई वाटलं?"

"वाटलं तर! लई वाटलं." धर्माजींनी टोपी सारखी केली. "पन पोरी, तीन हंगाम तुला सांगतोय, औंदाचं टोमॅटोचं झालं की गाडी घिऊ. माज्या येका पानापायी अजून किती दिस जीपला लोंबकळशील?"

तिने डोळे पुसले आणि किल्ली फिरवली. धर्माजी मागे बसले, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून.

जीपच्या थांब्यावर आता कुणीच नव्हतं. शेवटची जीप कधीच गेली होती. त्या दोघांना तिची आठवणसुद्धा झाली नाही.