आमटीचा ठराव

ठराव शरच्चंद्र जोगळेकरांनी मांडला. मांडताना त्यांनी भीक हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की पार्किंगमधलं मांजरसुद्धा पंजा पुढे करून बसलं. सोसायटीच्या फाटकाशी कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. फाटकापलीकडे गोदाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि सगळं ऐकत होती. साऱ्या कर्वेनगरात सोसायटीची सभा इतक्या मन लावून ऐकणारं दुसरं कुणी नसेल.

चेअरमन रंगराव म्हणाले, कायदा आहेच, आपण फक्त पाटी लावायची. कुणी म्हणालं, धडधाकट माणसाने काम करावं. कुणी विचारलं, ते काम आपण देणार आहोत का, आणि लगेच विषय पाण्याच्या टँकरवर गेला. तळमजल्यावरच्या प्रियदर्शनीबाईंची अडचण निराळी होती: पितृपक्षात पान कुणाला द्यायचं? गाईला म्हणावं, तर कर्वेनगरात गाय आता फक्त दुधाच्या पिशवीवर उरलेली.

"काका," तिसऱ्या मजल्यावरची कादंबरी म्हणाली, "फ्रँकली सांगा, गोदामावशींनी तुमचं काय बिघडवलंय?"

शरच्चंद्र चष्मा पुसू लागले. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघू लागले, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

शरच्चंद्रांच्या पत्नी सुनीतीबाई हयात होत्या तोवर त्यांच्या हातची आमटी रोज फाटकावर जायची. गोदाबाई ती ओरपायची तेव्हा म्हणे आवाज थेट धायरीपर्यंत पोचायचा. सुनीतीबाई गेल्या आणि शरच्चंद्रांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा पळी हातात धरली. धणे, तीळ, दगडफूल आणून स्वतः भाजलं, स्वतः कुटलं. असा ठसका उठला की समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ शिंकता शिंकता रिटायर झाले. पण आमटी तशीच झाली की नाही, हे शरच्चंद्रांना सांगता येईना. बायको वाढायची तेव्हा ते पेपर वाचत जेवायचे. ती चव ओळखणारं जगात एकच तोंड उरलं होतं, आणि ते फाटकाबाहेर बसायचं.

त्यांनी फाटकावर नेलेल्या वाटीत गोदाबाई बोट बुडवायची, चाखायची आणि वाटी शेजारच्या कुत्र्यापुढे सरकवायची. कुत्रं आधी वाटीकडे बघायचं, मग शरच्चंद्रांकडे, आणि उठून उन्हात जाऊन बसायचं.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण परवा कादंबरीने ऑफिसला जाता जाता आपल्या डब्यातली आमटी दिली, आणि गोदाबाईने डोळे मिटले.

"हीच की," ती म्हणाली. "सुनीतीबाईंची हाय ही."

तेव्हापासून वरच्या कुकरची शिट्टी ऐकली की शरच्चंद्रांच्या अंगाची लाही व्हायची. आपल्या बायकोने आपल्याला न सांगता तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं, असंच त्यांना वाटायचं.

ठराव मंजूर झाला. पाटीचा मजकूरही त्यांचाच. 'येथे भीक मागू नये. मागणाऱ्यास एकदा माफ करण्यात येईल. देणाऱ्यास नाही.' गोदाबाईने पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली, गाठोडं उचललं आणि पलीकडच्या गल्लीत मारुतीच्या पारावर जाऊन बसली. कुत्रंही गेलं. वास्तविक ठरावात त्याचं नाव नव्हतं.

आता कादंबरी रोज डबा घेऊन पारापर्यंत जाऊ लागली, आणि शरच्चंद्र कबुतरं हाकलायच्या निमित्ताने गॅलरीतून बघू लागले. मान इतकी लांब व्हायची की तिच्यावर दोन टॉवेल सहज वाळत पडले असते. शेवटी त्यांनी तिला जिन्यात गाठलं आणि विचारलं, आमटीत घालतेस तरी काय.

"पाकीट, काका. वाण्याकडचा तयार मसाला. मागे लिहिलंय तसंच करते. देऊ एक?"

"आमच्या घरात पाकीट शिरलेलं नाही," शरच्चंद्र म्हणाले. "लग्न झाल्यापासून."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली झोपलेली बघून, ते सदऱ्याखाली डबा धरून निघाले. स्वतःच्या पाटीसमोरून जाताना त्यांनी अशी मान फिरवली, जणू तिथे उधारी राहिली होती. पारावर पोचल्या पोचल्या तक्रार सुरू केली. ती मुलगी तयार मसाला घालते, पाकिटातला, आणि तुम्ही म्हणता ही सुनीतीची चव?

सुनीतीबाईंच्या वाण्याकडच्या पिशव्या, मसाल्याच्या पाकिटांसकट, वर्षानुवर्षं गोदाबाईनेच जिन्यापर्यंत उचलून नेल्या होत्या. तिने पदराचं टोक तोंडावर धरलं, जरा वेळ तसंच ठेवलं, आणि मग वाटी पुढे केली.

शरच्चंद्रांनी आमटी ओतली. गोदाबाईने बोट बुडवलं, चाखलं, जिभेवर घोळवलं. शरच्चंद्र एक पायरी खाली उभे होते. उन्हात डोळे बारीक झालेले, आणि रिकामा हात पुढे केलेला, तो मागे घ्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

तिने वाटी कुत्र्यापुढे सरकवली. कुत्र्याने वाटीकडे बघितलं, शरच्चंद्रांकडे बघितलं, आणि जीभ लावली.

"कुत्रं खायला लागलं आता," गोदाबाई म्हणाली. "उद्या या, मालक."