कोष आणि खुर्ची

“इथं बसायचं नाही!”

तिसरी ‘ब’मधली अवनी बाईंच्या खुर्चीपुढे हात पसरून उभी राहिली. समोर शाळेचे अध्यक्ष गोपाळकृष्णराव, ऐंशी उलटलेले, दोन जिने चढून धापा टाकत आलेले. त्यांच्या मागे मुख्याध्यापिका नीरजाबाई. अख्खा वर्ग उभा, कारण पाहुणे बसल्याशिवाय मुलांनी बसायचं नाही, असा शाळेचा नियम.

“अहो सुरुचीबाई,” नीरजाबाई वर्गशिक्षिकेला म्हणाल्या, “पाहुण्यांना उभं ठेवायचं, हा धडा कधीपासून सुरू केलात?”

सुरुचीबाईंचा चेहरा उतरला. पण अवनीला बाजूला हो म्हणून काही त्या म्हणाल्या नाहीत. “मॅडम, खुर्चीला कोष आहे.”

होताच. मुलांनी डब्यात फुलपाखराच्या अळ्या पाळल्या होत्या. बाजारातला कढीपत्ता औषध फवारलेला निघाला आणि अळ्या पटापट मेल्या. अवनीनं वारज्याच्या आपल्या घरून कुंडीतला आणला, तोवर एकच उरली होती. ती पठ्ठी जाळीखालून सटकली ती थेट बाईंच्या खुर्चीच्या पाठीला चिकटली. एवढ्या मोठ्या वर्गात तिला दुसरी जागा मिळू नये! तेव्हापासून सुरुचीबाई उभ्यानंच शिकवत होत्या. पाय सुजले, पण बसल्या नाहीत. आज सकाळी कोष काळा पडला होता आणि आतले पंख दिसायला लागले होते.

“किड्यासाठी खुर्ची अडवलीत? धन्य आहे.” नीरजाबाईंनी शिपायाला हाक मारली. “दत्तोबा, ती खुर्ची बाहेर नेऊन झटका.”

“नको ना! ही एकच राहिलीय!” अवनीला रडू फुटलं, पण पसरलेले हात तिनं खाली घेतले नाहीत.

दत्तोबा दारातच थबकले.

अध्यक्ष काठीवर रेलले. “बाळ, माझे गुडघे बोंबलतायत. मी बसू कुठं?”

“माझ्या जागेवर.” अवनीनं पहिला बाक दाखवला. “पण बोलायचं नाही हं.”

सुरुचीबाईंनी डोळेच मिटून घेतले.

“अगं आई गं” करत अध्यक्ष त्या एवढ्याशा बाकात शिरले. गुडघे पार छातीशी आले. मग मुलंही बसली. कोष आता अध्यक्षांच्या अगदी नाकासमोर होता.

तो हलला. वरून चिरला. आतून दोन पाय आले आणि मागोमाग पिळलेल्या रुमालासारखं काहीतरी ओलं, चुरगळलेलं.

“हाताची घडी,” अवनी कुजबुजली, “तोंडावर बोट.”

सगळ्या वर्गाची बोटं तोंडावर गेली.

नीरजाबाईंनी घड्याळ बघितलं. “साहेब, चौथीची मुलं खोळंबलीत. आपण आता...”

अध्यक्षांनी मान वळवली नाही. ओठांवरचं बोट तेवढं जरासं उचललं.

“नीरजाबाई, तोंडावर बोट.”