दौलूतात्यांची टोपी

"आजोबा, प्रत्येक लग्नाच्या सुरुवातीला तुमची टोपीच का दिसते?" गावकऱ्यांनी दिलेल्या जुन्या कॅसेटींचे रंग कॉम्प्युटरवर दुरुस्त करता करता नातीनं विचारलं.

दौलूतात्या खुलले. त्या काळी शूटिंगवाला आधी कॅमेऱ्याला पांढरं काहीतरी दाखवायचा आणि त्यावरून कॅमेरा बाकीचे रंग ठरवायचा. तात्यांच्या टोपीइतकं पांढरं पंचक्रोशीत काही नव्हतं. बगळेसुद्धा तिच्यापुढे लाजून उडून जायचे! टोपी आल्याशिवाय अक्षता पडत नसत, आणि टोपीखालच्या तात्यांना पहिल्या पंगतीत जिलेबी. या गावच्या नवऱ्या मुली कॅसेटीत सोन्यासारख्या झळकतात, असं तालुकाभर बोललं जाई.

"पांढरी कसली? टोपी निळसर होती," नात हसली. "कॅमेऱ्यानं निळ्यालाच पांढरं मानलं आणि सगळीकडचा निळेपणा काढून टाकला, म्हणून सगळी लग्नं पिवळी झाली."

तात्यांचा चेहरा उतरला. मग आठवलं. त्यांची बायको हौसा टोपी धुताना बादलीत नीळ सढळ हातानं टाकायची. "मांडवात तुमचीच टोपी उठून दिसली पाहिजे," म्हणायची.

नातीनं आपल्या आईच्या लग्नातला पिवळेपणा काढला. मांडवात हसत उभी असलेली हौसा सोनेरीची सावळी झाली, होती तश्शी. ती गेल्यापासून तात्यांना ती अशी दिसलीच नव्हती. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"ही माझ्यासाठी ठेव," ते म्हणाले. "बाकीच्यांच्या कॅसेटींना मात्र हात लावू नकोस. तुझ्या आजीनं गावातल्या बायकांच्या अंगावर घातलेलं सोनं आपण कशाला उतरवायचं?"