मापापुरती थापी

चौदावा रकाना तिने पुन्हा कोराच सोडला आणि पंधराव्यावर गेली. पुलाच्या कठड्यावर अर्ज पसरलेला, उडू नये म्हणून त्यावर बाळाची पाण्याची बाटली. बाळ कडेवर, पेंगुळलेलं. आज शेवटची तारीख, आणि पोस्ट पाचला बंद. साडेतीन वाजून गेले होते.

अर्जाचं हे तिसरं वर्ष. पूल वाचवायच्या समितीत सुरुवातीला अकरा जण होते. आता ती आणि सासरे उरले होते. बाळ धरलं तर अडीच. पहिल्या वर्षी अर्ज फोटो नाहीत म्हणून परत आला. दुसऱ्या वर्षी 'हानीचे कारण' या चौदाव्या रकान्यात तिने 'ऊन, पाऊस' लिहिलं, तर कारण तज्ज्ञांच्या अहवालाशी जुळत नाही म्हणून परत आला. यंदा अनुदान हुकलं की पूल बंद, असं पालिकेने कळवून टाकलं होतं. मग पोरांनी शाळेत जायचं ते वळसा घालून, ट्रकच्या रस्त्याने. त्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. तिची थोरली सात वर्षांची होती आणि चालताना आभाळाकडे बघायची.

सायकलवरून पाववाला गेला. जाता जाता त्याने सासऱ्यांना विचारलं, "काय डॉक्टर, पेशंट काय म्हणतोय?"

"मला पोचवून येईल तो," सासरे म्हणाले.

सगळे त्यांना पुलाचा डॉक्टरच म्हणत. जन्मभर गवंडीकाम केलं. कुठे तडा दिसला की सुट्टीच्या दिवशी पदरचं सिमेंट आणून बुजवून टाकायचे, कुणी न सांगता. अजूनही पुलाकडे निघाले की थापीची पिशवी खांद्याला असायचीच.

ती हसली नाही. तज्ज्ञांच्या अहवालाचं चौथं पान तिने वर्षभर फाइलीच्या तळाशी सरकवून ठेवलं होतं. मूळ पूल चुन्यात बांधलेला. चुना पाणी पितो आणि सोडून देतो. सिमेंट ते आतच कोंडतं, मग दगड फुटतो. पुढे लिहिलं होतं, हानीचे कारण अकुशल दुरुस्ती. दोनच शब्द उतरवून काढायचे होते. पण थोरलीच्या वेळी तिला सातवा लागला, तेव्हा या माणसाने मोरीची उंच पायरी फोडून दोन बुटक्या पायऱ्या केल्या होत्या. का, ते कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यांच्यासमोर 'अकुशल' लिहायला तिचा हात होत नव्हता.

"चौदा राहिला," सासरे म्हणाले.

तो शेवटी भरते, ती म्हणाली, आधी फोटो काढून घेऊ. फोटोवाला पलीकडेच आहे, लगेच छापून देईल.

"चौथं पान वाचलंय मी. गेल्याच वर्षी."

बाळाची मान कलंडली. तिने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तेवढाच वेळ मिळाला.

"बाबा, सिमेंटचं तुम्हाला आधी माहीत होतं?"

ते कठड्याला टेकले. मग सांगितलं, की न माहीत असायला काय झालं, वडिलांच्या हाताखाली चुनाच मळला होता. पण चुना धरायला आठवडे लागतात, तोवर पुलावरून माणूस सोडता येत नाही. सिमेंट रात्रीत धरतं.

"सकाळी सातला पोरं यायची," ते म्हणाले. "तुझा नवराही त्यातच."

तिने बाटली सरकवली आणि चौदाव्या रकान्यात ते दोन शब्द लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं. सासऱ्यांनी चष्मा वर करून, वाकून वाचलं. शाई ओली आहे, हात लावू नकोस, एवढंच म्हणाले.

फोटो राहिला होता. तड्याशेजारी मापासाठी काहीतरी ठेवा, अशी सूचना होती. थोरलीची पट्टी घ्यायची ती विसरली होती. ते कळल्यावर सासऱ्यांनी पिशवीतून थापी काढली. पातं झिजून अर्धं झालेलं. कामावर चोरी होऊ नये म्हणून लाकडी मुठीवर तापल्या खिळ्याने आपलं नाव कोरलेलं. सगळ्यात मोठ्या तड्याखाली, त्यांनीच भरलेल्या राखाडी पट्ट्याला टेकवून, त्यांनी ती उभी केली. गुडघ्यावर हात दाबून उठले.

पलीकडे शाळा सुटल्याची घंटा झाली. पुलाच्या टोकाला पोरांचा घोळका दिसू लागला. त्यात थोरलीचं लाल दप्तर कुठे आहे, ते तिने आधी पाहिलं. दिसलं. मग एका हाताने बाळ सावरत तिने मोबाइल धरला. मूठ बाहेर जाईल, नुसतं पातं येईल, इतकी ती तड्याजवळ सरकली.

सासरे मागून येऊन पडद्यात बघत उभे राहिले.

"थोडी मागे हो, पोरी," ते म्हणाले. "नाव येऊ दे."