कोपऱ्यातले तीन टाके

परदेशात लेकीच्या शेजारी राहणाऱ्या मॉरीनबाईंच्या दोरीवरचा टॉवेल मी उलटून पाहिला. कोपऱ्यात तीन दुहेरी टाके. सोलापूरच्या कारखान्यात आम्ही बायका असेच घालायचो.

“हे आमच्या हातचं काम,” मी कौतुकाने म्हणाले. लेकीने ते इंग्रजीत सांगितलं.

बाई लेकीकडे वळून सांगू लागल्या. त्याही इथल्या गिरणीत टॉवेलच्या कडाच शिवायच्या. बाहेरचे स्वस्त टॉवेल आले आणि गिरणी बंद पडली. मग त्या दुकानात बिलं करू लागल्या. आता तिथे बिलं करणारं यंत्र बसलंय आणि बाईंचा पगार निम्म्यावर आलाय.

या परक्या गावात माझ्याशी हसून बोलणारी ही एकच बाई. तिलाच मी दुखावलं होतं.

“आई, त्या विचारतायत, तुला पगार किती होता?”

मी सांगितला. लेकीने तो त्यांच्या पैशात करून सांगितला. बाईंना खरं वाटेना.

“त्या म्हणतायत, म्हणजे माझा पगार तुमच्याकडे आलाच नाही.”

“नाही गं. मला तर वाटायचं, माझ्या कष्टाचे पैसे यांच्याकडे जातात.”

बाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि दोन्ही रिकामे तळवे वर केले. मग गेले कुठे? एवढं समजायला लेक लागली नाही.