मावशींचा सराव

एक निवृत्त नर्स परदेशातल्या वृद्धाश्रमात वर्षभर सेवेला गेली. आठवडाभरात तिने साऱ्या आश्रमाला स्वतःला 'मावशी' म्हणायला शिकवलं, पण तिथली भाषा काही तिच्या जिभेवर रुळेना. तोंड उघडलं की हशा पिकायचा.

म्हणून सरावासाठी मावशींनी खिडकीपाशी बसणारे आजोबा गाठले. आजारपणानंतर आठ महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मुलगी रोज यायची, "बाबा, एकदा तरी बोला ना," म्हणत डोळे पुसत जायची.

"हे बरे, हसणार तर नाहीत!" म्हणत मावशी रोज त्यांना पहिलीचं पुस्तक वाचून दाखवायच्या आणि भाषेची पार चटणी करायच्या. आजोबा नुसते डोळे मिटून घ्यायचे.

त्या दिवशी मुलगी शेजारीच बसली होती. मावशींनी ठसक्यात वाचलं, "घोडा राजावर बसला."

आजोबांचे ओठ थरथरले. "राजा... अहो, राजा घोड्यावर! महिनाभर सोसतोय मी!"

मावशींच्या हातून पुस्तकच पडलं. मुलीने ते झडप घालून उचललं आणि हसत-रडत त्यांच्या हातात कोंबलं.

"मावशी, थांबू नका! पुढचं पानही असंच चुकीचं वाचा!"