आठ तासांचं बंदर

सिंगापूरहून निघालेलं जहाज पेनांगला आठ तास थांबणार होतं. पवनीच्या टिकारामजींनी क्रूझ घेतली ती या आठ तासांसाठीच. मुलगा वीरेंद्र सहा वर्षांपासून पेनांगला होता, आणि त्याला गावी यायला सवड नव्हती.

"जहाजवाल्यांची सहल बुक नका करू बाबा. तुमचं मी पाहतो," वीरेंद्रनं फोनवर सांगितलं होतं.

पेनांगला उतरताना त्यांच्या पत्नी कुंताबाईंनी घरच्या शेतातला चिन्नोर तांदूळ सोबत घेतला.

"थैली कायले उचलली? पोट्टा काय उपाशी आहे तिथं?"

"त्याच्या घरी आज मी भात रांधीन. तुमाले काय करा लागते?"

बंदराबाहेर त्यांच्या नावाची पाटी धरून एक गाइड उभा होता. सर मीटिंगमध्ये आहेत म्हणाला, आणि अदबीनं गाडीचं दार उघडलं.

संध्याकाळी जहाजावर कुंताबाई मांडीवर तांदळाची थैली घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "मग, पाहिलं का मुलाचं घर?"



"पायलं ना," टिकारामजी म्हणाले. "गाइडच्या यादीत सहाव्या नंबरवर होतं. फोटो काढाले दहा मिनिटं गाडी थांबवली त्यानं."